इंदूरला नवीन आलात? दिव्यांग मुलाची शाळा, कागद आणि हक्काची मदत

आठवड्यातून एखादा तरी फोन असतोच. कुणी पुण्याहून बदली होऊन राजेंद्र नगरला राहायला आलेलं असतं, कुणी जळगावहून धंद्यासाठी सुदामा नगरात. माझा नंबर कुणाकडून तरी मिळालेला असतो. इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि मग आवाज खाली जातो. "ताई, आमच्या मुलीला ऑटिझम आहे. इथे कुणाला भेटायचं?"

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो अडखळत बोलतो, चालायला वॉकर लागतो, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. नऊ वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून इंदूरला आलो तेव्हा मला इथलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिली दोन वर्षं मी चुकीच्या क्रमाने धावले. आधी प्रमाणपत्र, मग मदत, मग शाळा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. प्रमाणपत्राच्या नादात मूल घरी बसून राहिलं. ती दोन वर्षं त्याला परत मिळणार नाहीत, म्हणून हे लिहून काढते आहे. तुम्ही शाळेत नाव आधी घाला. कागद त्याच्या बरोबरीने होत राहतील.

शाळेत नाव घालणं

दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ सालचा, आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, ऐकण्या-बघण्याच्या अडचणी तर आहेतच, पण लिहिण्या-वाचण्यातली अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहे. "आमचं मूल त्यात बसत नाही" असं पालक फार लवकर ठरवून टाकतात. आधी यादी बघा.

या कायद्याची दोन कलमं पाठच करून ठेवा. कलम १६ सांगतं की सरकारचा पैसा किंवा सरकारची मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारतीत त्याला वावरता येईल असं बघायचं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची. यातला "मान्यता" हा शब्द महत्त्वाचा. खासगी शाळाही मान्यता घेऊनच चालते, त्यामुळे ती यातून सुटत नाही. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती मुलाची, शाळेची नव्हे.

शाळेत पहिल्यांदा जाताना मूल नेऊ नका. एकटे जा, किंवा दोघं जा. मी पहिल्या वेळी मुलाला घेऊन गेले होते. मुख्याध्यापकांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याशी बोलायला लागले, ते सगळं त्याच्यासमोर. "हमारे यहाँ ऐसे बच्चों की सुविधा नहीं है, बाकी पालक आपत्ति लेंगे." त्याला हिंदी नीट येत नव्हतं, पण आवाजाचा सूर कळतो ना. रिक्षात बसल्यावर त्याने मला विचारलं, "मी वाईट आहे का?" तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बोलणी मोठ्यांची मोठ्यांत होऊ द्या.

जाताना एक पानभर लिहून न्या. मुलाला काय येतं ते वर, काय मदत लागते ते खाली. "स्वतः जेवतो. नाव लिहितो, वेळ लागतो. शी-शूला सांगतो, पण बाथरूमपर्यंत कुणीतरी सोबत हवं. मोठ्या आवाजाने दचकतो." एवढं पुरे. आजाराचं नाव वाचून शिक्षक घाबरतात. "बाथरूमपर्यंत सोबत" वाचून कुणी घाबरत नाही.

नकार मिळाला तर वाद घालू नका. शांतपणे म्हणा, "कृपया लिखित में दे दीजिए." बहुतेक वेळा तिथेच बोलण्याचा सूर बदलतो. नाहीच बदलला तर पहिली ते आठवीसाठी जिल्हा शिक्षा केंद्रात जिल्हा परियोजना समन्वयकांकडे अर्ज द्यायचा. इथे सगळे त्यांना डीपीसी म्हणतात. नववीपासून पुढे जिल्हा शिक्षणाधिकारी.

सरकारी शाळेत नाव घालायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. वय आणि पत्ता पुरतो. खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून जायचं असेल तर मात्र प्रमाणपत्र आधी हवं. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं या कायद्याच्या वंचित गटात आली. मध्य प्रदेशात हे प्रवेश ऑनलाईन अर्ज आणि लॉटरीने होतात. सुरुवातीच्या वर्गातच जागा असतात, मधल्या वर्गात नाहीत. तुमचं मूल तीन-चार वर्षांचं असेल तर या एका कारणासाठी प्रमाणपत्राची घाई करा. अर्ज निघतात तेव्हा पंधरा-वीस दिवसांत सगळं उरकावं लागतं आणि तेवढ्यात प्रमाणपत्र हातात येत नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी आधी अंगणवाडी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी नियमावली काढली आहे, त्यामुळे ताईंनी "याला घरीच ठेवा" म्हणण्याचा प्रश्न उरत नाही. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल हजर असू द्या. तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, आणि फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, कानाची तपासणी तिथे मोफत होते. लहानपणची ही दोन-तीन वर्षं फार मोलाची.

साधी शाळा की विशेष शाळा, हे मला रोज विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी घराजवळची साधी शाळा. मुलाला गल्लीतली मुलं ओळखायला लागतात, आणि हे कुठल्याही थेरपीत मिळत नाही. पण कर्णबधिर मुलाला आजूबाजूला खुणांची भाषा बोलणारं कुणी नसेल तर तो चाळीस मुलांच्या वर्गातही एकटाच असतो. अंध मुलालाही ब्रेल आणि काठीने चालणं शिकवणारं कुणीतरी लागतंच. अशा वेळी काही वर्षं विशेष शाळेत घालवून मग साध्या शाळेत येणं शहाणपणाचं. अंध मुलींसाठी इंदूरात महेश दृष्टिहीन कल्याण संघ कितीतरी वर्षं काम करतो आहे.

आणि एक. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याची सोय कायद्यात आहे. ती मुलाने निवडायची सोय आहे. शाळेने "इसका होम बेस्ड करवा दो" म्हणून अंगावरचं झटकायला नव्हे.

आधी नावं जुळवून घ्या

महाराष्ट्रातून आलेल्या घरांची पहिली ठेच इथेच लागते. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग लिहितात. इथे मुलाचं नाव आणि आडनाव एका रकान्यात, वडिलांचं नाव दुसऱ्यात. मग आधारवर तीन शब्द, शाळेच्या दाखल्यावर दोन, आणि तिसऱ्या कागदावर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. संगणकाला ही तीन वेगळी मुलं वाटतात. पैसे मंजूर होऊनही खात्यात पडत नाहीत, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून सगळ्यात आधी आधारवरचं नाव प्रमाण माना, आणि बाकीचे कागद त्याच्यासारखे करून घ्या. मग समग्र आयडी काढा. हे मध्य प्रदेशचं स्वतःचं आहे, महाराष्ट्रात असं काही नाही. घराचा आठ आकड्यांचा कुटुंब क्रमांक आणि प्रत्येक माणसाचा नऊ आकड्यांचा वेगळा. नगर निगमच्या झोन कार्यालयातून होतो. आधार जोडून ई-केवायसी करावं लागतं. समग्रशिवाय राज्य सरकारची एकही योजना पुढे सरकत नाही, शाळेतली शिष्यवृत्तीसुद्धा नाही. मुलाच्या नावाचं बँक खातं त्याच आठवड्यात उघडा आणि आधारशी जोडून घ्या.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

महाराष्ट्रात काढलेलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, किंवा दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते देशभर चालतं. "यहाँ का बनवाओ" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे कायद्याचं नाव सांगा. फक्त पत्ता बदलून घ्या.

नसेल तर स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा. अर्ज भरताना रुग्णालय निवडावं लागतं. मग तिथल्या तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. कुठल्या तज्ज्ञाचा कुठला वार, हे बदलत राहतं. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करा, नाहीतर हाडांच्या डॉक्टरांच्या दिवशी तुम्ही कानाच्या तपासणीसाठी जाल. परदेशीपुऱ्यात सामाजिक न्याय विभागाचा परिसर आहे, तिथे चौकशी केली तर नेमकं कळतं. जुनी फाईल, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, सगळं मूळ प्रत आणि झेरॉक्स घेऊन जा.

मंडळाचा दिवस लांबतो. सकाळी नऊला जाऊन दुपारचे तीन होतात. डबा, पाणी, मुलाचं आवडतं खेळणं, कपड्यांचा एक जोड.

आता जे सांगते ते मराठी घरांनी नीट ऐका. आमच्या मुलाची बुद्ध्यांक चाचणी होती. समोर चित्रांची पानं. ताई विचारत होत्या, "बेटा, कैंची कहाँ है? ताला दिखाओ. सेब पर हाथ रखो." मुलगा गप्प. दोन पानं उलटली, तिसरं आलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "एक बार मैं पूछूँ?" आणि त्याला विचारलं, "बाळा, कात्री कुठाय?" त्याचं बोट थरथरत गेलं आणि बरोबर कात्रीवर टेकलं. कुलूप सापडलं, सफरचंद सापडलं. त्याला सगळं येत होतं, त्याला फक्त हिंदी येत नव्हतं. चार वर्षांचं मूल घरात जी भाषा ऐकतं त्याच भाषेत हुशार असतं.

तेव्हा चाचणीच्या आधीच सांगा, घरात मराठी बोलतो, प्रश्न मराठीत विचारू द्या. इंदूरात मराठी जाणणारे डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ मिळतात, विचारलं तर. स्पीच थेरपीतही हेच. "घर पर हिंदी ही बोलो" असा सल्ला मिळतो. आम्ही तो वर्षभर पाळला, आणि मुलगा आजीशी बोलायचाच थांबला, कारण आजीला हिंदी येत नव्हतं. मग आम्ही घरी मराठी आणि शाळेत हिंदी असं ठेवलं. दोन्ही आली, सावकाश.

टक्केवारी बघताना मनाला लावून घेऊ नका. तो आकडा मदत मिळवण्यापुरता आहे. ४० टक्क्यांच्या खाली यूडीआयडीचं पिवळं कार्ड मिळत नाही आणि बऱ्याच योजना बंद होतात, म्हणून कमी आकडा आला आणि तो चुकीचा वाटला तर अपील करता येतं. लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं असतं. मुदतीची तारीख कॅलेंडरवर तीन महिने आधी लिहून ठेवा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या पुढे मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

वर्गात काय मागायचं

बहुतेक पालक प्रवेश मिळाला की हात जोडून गप्प बसतात. मागणं इथून सुरू होतं.

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत (समग्र आयडी वेगळा) प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरलेली असते. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. त्यातून साहित्य, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तकं, येण्याजाण्याचा भत्ता, सोबत येणाऱ्याचा भत्ता, थेरपी अशा गोष्टी होतात. दिव्यांग मुलींना वेगळा भत्ता आहे, महिन्याला २०० रुपये, वर्षातून दहा महिने. रक्कम लहान आहे, तरी सोडू नका. मुलीच्या नावावर काहीतरी येतं म्हणून तिला शाळेत पाठवणारी घरं मी बघितली आहेत. हे सगळं सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. त्यासाठी शाळेच्या यूडायस नोंदीत, म्हणजे शाळा सरकारला ऑनलाईन भरून देते त्या माहितीत, मुलाचं अपंगत्व भरलेलं असावं लागतं. वर्गशिक्षकांना जुलैतच विचारा, "सर, यूडायस में दर्ज हुआ क्या?" ते राहून गेलं तर वर्ष गेलं.

आपल्या भागातलं जनपद शिक्षा केंद्र, म्हणजे बीआरसी, शोधून ठेवा. तिथे मोबाइल स्रोत सलाहकार असतात. विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली ही माणसं शाळाशाळांतून फिरतात. त्यांच्यावर शाळा फार असतात, हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. प्रत्यक्षात तेवढे नाहीत. म्हणून सलाहकार शाळेत येणार त्या दिवशी तुम्हीही तिथे हजर राहा आणि वर्गशिक्षकांना तिघांच्या बैठकीत बसवा. अर्ध्या तासाच्या त्या बैठकीत वर्षभराचं काम ठरतं.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका पाटाचा. तिसरीत असताना मुलाचं अक्षर वहीवरून घसरायचं, पाच मिनिटांत तो बाकावर आडवा व्हायचा. बाई म्हणायच्या, लक्ष नाही. एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट शाळेत आल्या, त्याच्या बाकाशेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "याचे पाय बघा." पाय हवेत लोंबत होते. पायाला टेका नाही म्हणून कंबर स्थिर नाही, कंबर स्थिर नाही म्हणून हात थरथरतो. मी दुसऱ्या दिवशी घरातला जेवायचा पाट नेऊन त्याच्या पायाखाली ठेवला. त्या दिवशी त्याने फळ्यावरच्या चार ओळी पूर्ण उतरवल्या. बाईंनी मला ती वही दाखवायला फाटकापर्यंत आणली होती. कायद्यात "वाजवी सोय" म्हणतात ती अशी असते. तळमजल्यावरचा वर्ग, खिडकीपासून दूरची जागा, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत, डब्याच्या सुट्टीत पाच मिनिटं आधी सोडणं. मागताना "सुविधा दो" असं मोघम म्हणू नका, वस्तू आणि वेळ सांगा.

परीक्षेचं आठवीतच बघून ठेवा. सीबीएसईत लेखनिक मिळतो, तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो, तिसऱ्या भाषेतून सूट मिळते. मध्य प्रदेश मंडळातही लेखनिक आणि जादा वेळेची सोय आहे. अर्ज शाळेमार्फत आणि मुदतीत जावा लागतो. दहावीच्या जानेवारीत जाग येऊन उपयोग नाही. लेखनिकाबरोबर घरी सराव करा. उत्तर येणं आणि ते दुसऱ्याला सांगून लिहून घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

साहित्य, विमा, पैसे

एडिप ही केंद्राची योजना. व्हीलचेअर, वॉकर, श्रवणयंत्र, ब्रेल किट, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिकण्याच्या साहित्याचं किट यातून मिळतं. घराच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. एकच वस्तू मोठ्यांना तीन वर्षांत एकदा, पण बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने पुन्हा मिळू शकते, कारण मूल वाढतं. साहित्य बहुधा एलिम्को ही सरकारी कंपनी देते, आणि तिचं एक केंद्र आपल्या शेजारी उज्जैनला आहे. आधी मोजमापाचं शिबिर होतं, वाटप नंतर. मोजमापाला मूल न्याच. आमच्या ओळखीत एका घरी मोठ्या माणसाची व्हीलचेअर आली आणि सहा वर्षांची पोर त्यात उशा कोंबून बसवावी लागली. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची वेगळी असते, नाव घेऊन मागा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही एडिपमधून मदत आहे, पण वयाची अट पाच वर्षांपर्यंतची. तिथे एक महिनाही दवडू नका.

निरामय हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगता, या चौघांसाठीच. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात बाह्यरुग्ण तपासणी व थेरपीचा खर्चही येतो. आधी तुम्ही खर्च करता, मग बिलं पाठवून पैसे परत मिळतात. हप्ता नाममात्र आहे. थेरपीची पावती दर वेळी घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

सहा वर्षांवरच्या बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांग मुलांना राज्य सरकारकडून महिन्याला ६०० रुपये मिळतात. झोन कार्यालयात अर्ज, समग्र आयडी लागणारच. नववीपासून केंद्राची शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर. केंद्र सरकारी नोकरीतल्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. थेरपी आणि शाळा बसली की पुन्हा गाव बदलणं मुलाला फार जड जातं.

अडलं तर

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. इथल्या कचेऱ्यांत "पावती" आणि "आवक-जावक" हेच शब्द चालतात, त्यामुळे आपल्याला परकं वाटत नाही. पंधरा दिवस वाट बघा, मग १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. मागच्या अर्जाचा आवक क्रमांक सांगा. "आपकी शिकायत बंद कर दें?" असा फोन येईल, काम झालं नसेल तर स्वच्छ "नहीं" म्हणा.

त्यानेही झालं नाही तर मंगळवार. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत, मोती तबेल्याला, जनसुनावणी असते. एका पानाचा अर्ज, वर विषय, खाली तारखांसह काय काय केलं ते. मी तीनदा गेले आहे, दोनदा काम झालं. शाळेनेच भेदभाव केला असेल तर भोपाळला दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार जाते. टपालानेही पाठवता येते.

शाळेबाहेर

मुलाला दुपारी शाळेतून आणून संध्याकाळी परत चार भिंतीत ठेवलं, तर वर लिहिलेलं अर्धंच झालं. नेहरू पार्कात न्या, सराफ्यात गर्दी व्हायच्या आधी न्या, लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसवा. रेल्वेची सवलत घ्या: सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आणि सोबतच्याला स्लीपर व थ्री-टियर एसीत ७५ टक्के सूट मिळते, त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. सुट्टीत साताऱ्याला जायचा आमचा खर्च त्याने निम्म्याहून खाली आला. कर्णबधिर मुलांच्या पालकांनी तुकोगंज पोलीस ठाणं लक्षात ठेवावं, तिथे खुणांच्या भाषेतून मदत करणारं केंद्र आहे.

आमच्या वस्तीतल्या गणपती मंडळात पहिली तीन वर्षं आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार करून परतायचो. मांडवाला एकच पायरी होती, सहा इंचांची. चौथ्या वर्षी मी सभेला गेले आणि म्हटलं, मला वर्गणीची पावती फाडायची आहे, पण माझ्या मुलाला आत यायचं आहे. सगळे एकदम गप्प झाले. ते वाईट नव्हते, त्यांना सुचलंच नव्हतं. एक काका सुतारकाम जाणणारे. त्यांनी विचारलं, "वहिनी, उतार किती लागतो?" हे मला थेरपिस्टनी सांगितलेलं होतं: उंचीच्या बारा पट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटी फळी. त्यांनी जाड प्लायची फळी कापली, दोन्ही कडांना पट्टी ठोकली म्हणजे चाक बाहेर जात नाही, आणि वर घसरू नये म्हणून काथ्याचं पायपुसणं खिळ्यांनी बसवलं.

त्या वर्षी आरतीला मुलगा आत होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या एक आजी त्याच फळीवरून काठी टेकत आल्या, आणि मग दोन आया बाबागाडी घेऊन. आता ती फळी मंडळाच्या सामानात असते, कोजागिरीला आणि हळदीकुंकवालाही निघते. तुमच्या वस्तीत बनवायची असेल तर माप तेच आहे, आणि काथ्याचं पायपुसणं दरवर्षी नवीन लावा, पावसाने ते कुजतं.